आजोळचा हात

चेंडू पुन्हा सुटला आणि कुंपणापलीकडून हुर्यो उठली.

"त्याला रताळं द्या रे कोणीतरी! ते तरी धरेल!"

"साबण लावून आलास काय, ओबेद?"

काम्बोलाच्या रग्बी मैदानावर तिकीट लागतं ते सामन्याच्या दिवशी. सरावाच्या वेळी जाळीला टेकून सुपारी चघळायची, लाल पिंका टाकायच्या आणि खेळाडूंना शिव्या घालायच्या, हे सगळं फुकट. त्यामुळे सरावालाच गर्दी जास्त. त्यातल्या निम्म्या लोकांनी गेल्या वर्षीपर्यंत ओबेद यापोचा जयजयकार करत गळे फाडले होते. ओबेदला त्यांचा राग आला नाही. तो उठला, गुडघ्यांवरचा चिखल निपटला आणि म्हणाला, "कोच, पुन्हा."

"पुन्हा म्हणजे किती वेळा?" कोच वारो किनाऱ्यावरचा माणूस. डोंगरातल्या हवेत इतकी वर्षं काढूनही भर दुपारी लोकरीची टोपी कानांवर ओढून फिरायचा. "शनिवारी संघ सांगायचाय, रविवारी पहिला सामना. मला चेंडू धरणारा माणूस पाहिजे. 'पुन्हा' म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

"शनिवारपर्यंत धरेन."

"कशावरून?"

"मी ओबेद यापो आहे, यावरून."

एल्डन, ज्याच्या धडकेनं चेंडू सुटला होता, तो दारात अडकलेल्या कपाटासारखा आडवा माणूस पोट धरून हसला. "हात गेला, पण तोंड शाबूत आहे!"

ओबेद हे फुशारकीनं बोलला नव्हता. धावून येणाऱ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे हे त्याला त्या माणसाच्या आधी कळायचं. उजव्या पायावर असेल तर डावीकडची वाट क्षणभर उघडी असते, आणि त्या क्षणात ओबेद पार व्हायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी क्वीन्सलँडच्या एका क्लबानं त्याला बोलावलं, तेव्हा सगळ्या खोऱ्यानं आपलाच मुलगा निघाल्यासारखा आनंद केला.

निरोपाच्या जेवणाला बिअर पाण्यासारखी वाहिली. परतताना संघाच्या बसमध्ये ओबेदचं ड्रायव्हरशी वाजलं. कारण काय, तर ड्रायव्हर हॉर्न वाजवू देईना. ओबेदनं डावी मूठ वळली आणि खिडकीच्या काचेतून आरपार घातली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटवणाऱ्या दोन्ही शिरा तुटल्या. विमानाचं तिकीट रद्द झालं. काम्बोलाच्या क्लबानंही काढून टाकलं. मग बाजारामागच्या टपऱ्यांमध्ये घरगुती दारूवर त्यानं कितीतरी महिने घालवले, त्यांची त्याला नीट आठवणही नव्हती. एके दिवशी टपरीवरच्या रेडिओवर संघाच्या पराभवाचं वर्णन लागलं होतं. सामना संपला, पण निवेदकानं त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. तो असता तर जिंकले असते, असं नाही. त्यानं वाट लावली, असंही नाही. ओबेदनं हातातला डबा खाली ठेवला. त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही.

मग त्यानं सगळं रीतसर केलं. बसची काच बसवून दिली. ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याच्याशी हात मिळवला. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला. रेडिओवर क्लबाची माफी मागितली आणि ती इतकी छान मागितली, की वारोनं दुसऱ्या दिवशी निरोप धाडला: ये, बघू.

आणि आता चेंडू हातात राहत नव्हता.

*

"मीट मूठ. जोरात."

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत गोरेटी बसली होती. संघाच्या दुखण्याखुपण्याचं तीच बघायची. ती बेटावरची, राजधानीत शिकून आलेली. खेळाडू तिला सिस्टर म्हणायचे आणि तिला थोडे भ्यायचेही. तिनं रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून ओबेदच्या मुठीत दिला होता आणि ती तबकडीवरचा काटा बघत होती. आधी उजवा हात, मग डावा.

"सारखाच जोर. उलट डाव्याचा थोडा जास्तच." तिनं टेबलावरच्या टोपलीतली संत्री उचलली आणि बोलता बोलता एकेक त्याच्या डाव्या बाजूला फेकू लागली. "घरी कोण आहे?"

"आई. शेजारी काका." त्यानं सगळी संत्री झेलली.

"म्हणजे हात बरा आहे. शिरा जुळल्यात, बोटं मिटतायत, नजर ठीक आहे. आता हे बघ."

तिनं फोनवर सरावाचं चित्रण काढलं होतं. ते तिनं थांबवत थांबवत पुढे नेलं. एल्डन डावीकडून येतोय. ओबेदच्या दोन्ही हातांत चेंडू आहे. एल्डनचा खांदा अजून हातभर लांब आहे, आणि ओबेदचा डावा हात चेंडू सोडून पोटाशी वळतोय.

"धडक बसायच्या आधी," गोरेटी म्हणाली. "प्रत्येक वेळी. आणि उजवीकडून कोणी आला तर नाही."

"मी घाबरत नाही, सिस्टर."

"तू घाबरतोस असं मी म्हटलंच नाही. घाबरलेला माणूस डोळे मिटतो, मान आत ओढतो. तू तसलं काही करत नाहीस. तू फक्त हा हात बाजूला काढून ठेवतोस. दुसऱ्या कोणाची वस्तू मागून आणलीय आणि ती फुटायला नको, असा." तिनं फोन खाली ठेवला. "का, ते मला कळत नाही. माझ्या पुस्तकात नाही ते."

ओबेद हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. दुसऱ्या कोणाची वस्तू. त्यानं हात उलटा करून व्रणाकडे पाहिलं.

लहानपणी तो सुरूच्या झाडावरून पडला होता आणि त्याची हनुवटी फाटली होती. दुसऱ्याच दिवशी वडील डुक्कर घेऊन आजोळी गेले होते. इथे शाळेत न गेलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं: हाडं बापाची, रक्तमांस आईचं, म्हणजे आईच्या भावांचं. भाच्याचं रक्त सांडलं तर बापाच्या घराण्यानं मामांकडे जायचं, डुक्कर देऊन त्यांचं रागानं जड झालेलं पोट हलकं करायचं. ओबेदलाही हे ठाऊक होतं. पण त्याची समजूत अशी, की दुसऱ्या कोणी मारलं तर गोष्ट वेगळी. मी माझीच मूठ काचेत घातली, त्यात मामांचं काय?

*

आई चुलीशी बसून राखेत रताळी फिरवत होती.

"आई, येरिमांदला शेवटची कधी गेलीस?"

तिनं रताळं उलटं केलं, मग पुन्हा सुलटं केलं. "नाही गेले."

"किती दिवसांत?"

"तुझा हात फुटल्यापासून. कुठल्या तोंडानं जाऊ माहेरी? त्यांच्या रक्ताचा तांब्या मी या घरच्यांकडे ठेवायला दिला, यांनी तो बसच्या खिडकीत सांडला आणि कोणी विचारायलाही गेलं नाही."

"तू बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं? म्हणजे जावांनी म्हणायचं, बघा, नवऱ्याच्या घरात बसून भावांसाठी डुक्कर मागतेय." तिनं रताळं त्याच्यापुढे सारलं. "तू रेडिओवर माफी मागत होतास ना, तेव्हा तुझ्या तिम्बूमामानं रेडिओ बंद केला म्हणे. म्हणाला, हा बसची माफी मागतोय."

ओबेदनं रताळं तसंच ठेवलं आणि तो उठून शेजारी काकांकडे गेला. पेराकाका डुकरांच्या कुंपणाची एक फळी ठोकून बसवत होते.

"काका, एक डुक्कर पाहिजे."

"का रे, लग्न ठरलं?"

"येरिमांदला न्यायचंय. हातासाठी."

काकांनी हातोडी खाली ठेवली आणि मोठ्यानं घरात हाक मारली, "अगं ऐकलंस का! शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला!" मग ओबेदकडे वळून म्हणाले, "बसच्या काचेची भरपाई केलीस, ड्रायव्हरच्या अपमानाची केलीस. हाताची कोणी करायची, बसच्या मालकानं?"

"तुम्ही तरी सांगायचं."

"सांगायचं? बाप नाही म्हणून तुझं सगळं मी करायला तयार आहे, पण तू येऊन मागायला नको? तू मागितलं नाहीस, तर मी माझ्या मनानं जाऊन काय सांगणार होतो, आमच्या पोराला लाज वाटत नाही, पण डुक्कर घ्या?" ते कुंपणात उतरले. "ते पांढऱ्या पायांचं ने. वर्षभर त्याला म्हणत होतो, थांब बाबा, तुझा माणूस अजून आला नाही."

एक अडचण उरलीच होती. येरिमांदला जायचं तर शुक्रवारचा सराव बुडणार. गेल्या वर्षी ओबेदनं सराव किती वेळा बुडवला होता ते साऱ्या काम्बोलाला तोंडपाठ होतं, आणि परत घेताना वारोनं एकच अट घातली होती: एक दिवस जरी गैरहजर राहिलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. ओबेदनं फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"डुक्कर," वारो म्हणाला. "हातासाठी."

"होय, कोच."

"दारू प्यायला जातोय असं सांगितलं असतंस, तर ते निदान मला समजलं असतं."

मागे कुठेतरी एल्डनचा आवाज आला, मग फोन ओढल्याची खरखर. "काय झालं? … मामांकडे गेलाच नव्हता? अजून? अरे देवा! कोच, ह्याला आधी तिकडे धाडा. ह्याच्या मामांचं पोट जड असताना मी ह्याच्या शेजारी उभा राहणार नाही. उद्या माझंच हाड मोडेल!"

फोन परत वारोकडे आला.

"शनिवारी सकाळी मैदानावर ये," तो शेवटी म्हणाला. "हात घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस."

*

येरिमांदच्या चढावर धुकं अजून उठलं नव्हतं. पुढे पेराकाका, मागे दोरीला डुक्कर धरून ओबेद, आणि त्याच्या मागे बरंच अंतर ठेवून आई. कपाळाला अडकवलेला तिचा बिलुम, विणलेला झोळा, रताळ्यांनी भरून पाठीवर लोंबत होता. माहेरच्या कुंपणाशी ती थांबली. आत पाऊल टाकेना.

तिम्बूमामा अंगणात निळी टोपी घालून बसले होते. दरवर्षी क्वीन्सलँडचे लाल आणि न्यू साउथ वेल्सचे निळे रग्बीत एकमेकांना भिडतात, तेव्हा अख्खा डोंगर दोन रंगांत फाटतो. मामा जन्माचे निळे. त्यांनी डुकराकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं नाही. ओबेदकडे पाहून म्हणाले, "कोण हो पाहुणे?"

"मामा, मी ओबेद."

"कोण ओबेद? एक रेडिओवर असतो. छान बोलतो. सगळ्या जगाची माफी मागतो."

कुंपणाशी जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. ओबेदनं दोरी पेराकाकांच्या हातात दिली. पुढे जाऊन तो मामांसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं डावा हात पुढे केला, व्रण वर करून.

"हा तुमचा हात आहे," तो म्हणाला. "मी न विचारता फोडला. माझाच आहे असं समजलो, चूक झाली."

मामांनी तो हात आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं व्रण दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. करंगळी वाकवून पाहिली, सरळ करून पाहिली. "शिवलाय बरा," ते म्हणाले. "टाके कोणी घातले?"

"सरकारी दवाखान्यात."

"हं." त्यांनी हात सोडला नाही. "दुखतो?"

"थंडीत."

मामांचे डोळे भरले आणि त्याचा त्यांना स्वतःलाच राग आला. "गाढवा! हॉर्नसाठी? माझ्या बहिणीनं तुला वाढवलं ते हॉर्नसाठी?" मग मान वर करून ओरडले, "आणि ही बाहेर का उभी आहे? घर विसरली का?"

आई आत आली. मामींनी तिच्या कपाळावरचा बिलुम उतरवून घेतला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडल्या. पेराकाकांनी दोरी मामांच्या हाती दिली, तेव्हा कुठे मामांनी डुक्कर पाहिलं, त्याची पाठ चाचपली आणि कुरकुरत म्हणाले, "पाय पांढरे आहेत. पण चालेल." खड्ड्यात दगड तापवायला माणसं धावली.

मांस पानांत गुंडाळून खड्ड्यात शिजत होतं, तेव्हा मामा ओबेदशेजारी येऊन बसले. "एक बरं झालं. क्वीन्सलँडला गेला नाहीस. तिकडचा लाल शर्ट घातला असतास, तर मी आणखी एक डुक्कर मागितलं असतं."

"मामा, मला खेळायचंय. खेळात रक्त निघणार. मग दर सोमवारी मी डुक्कर घेऊन चढ चढू काय?"

मामांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी दोन्ही भावांना हाक मारली. तिघांनी तिथेच डोकी एकत्र करून खल केला. धाकट्याचं म्हणणं, रक्त ते रक्त. मधल्याचं म्हणणं, तसं धरलं तर खोऱ्यात एकही डुक्कर उरणार नाही आणि एकही खेळाडू. मामांनी काठीनं मातीत चौकोन ओढला.

"हे मैदान. पंचाची शिट्टी वाजल्यापासून संपेपर्यंत आतमध्ये जे सांडेल ते आम्ही दिलं. हात तुझ्याकडे, वापर. मोडला तरी आम्ही विचारणार नाही. बाहेर सांडलं, तर एक थेंबसुद्धा आमचा. कळलं?"

"कळलं."

"मग ऊठ."

मामांनी परसातून एक गड्डा कोबी उपटला, मुळांवरची माती झटकली आणि तो ओबेदकडे फेकला. ओबेद तो झेलतोय तोच मामांनी टोपी मागे सारली, डोकं खाली घातलं आणि साठीतला तो माणूस डावीकडून रेड्यासारखा अंगावर आला. ओबेद रताळ्यांच्या वाफ्यात उताणा पडला. मामा त्याच्यावर. आजूबाजूला एकच गलका.

"बघा! सुटला का?" मामांनी धापा टाकत विचारलं.

कोबी ओबेदच्या छातीशी होता. डावा हात त्याच्यावर घट्ट.

"माझे वेल मोडले की रे दोघांनी!" मामी किंचाळल्या.

*

शनिवारी सकाळी पहिल्याच धडकेत चेंडू सुटला.

जाळीवरची गर्दी खूश झाली. "डुक्कर लहान पडलं रे!" कोणीतरी ओरडलं. कालची बातमी ओबेदच्या आधी काम्बोलात पोचली होती. वारोनं टोपी काढून डोकं खाजवलं. बाजूला उभ्या गोरेटीचा फोन चालू होता.

ओबेद पडल्या जागी हसत होता. या वेळी हात पळाला नव्हता, हे त्याला नक्की कळलं होतं. हात चेंडूवरच होता. बोटं उशिरा मिटली, इतकंच. वर्षभर न वापरलेलं हत्यार जसं आधी हाताला बसत नाही, तसं ते होतं. यावर इलाज होता, आणि तो त्याला माहीत होता.

"एल्डन, पुन्हा. त्याच बाजूनं. आणि आजीला भेटायला आल्यासारखा येऊ नकोस."

एल्डन आला, आणि आजीला भेटायला आल्यासारखा नाही आला. दोघं आदळले तो आवाज जाळीपर्यंत गेला. ओबेद उठला, नियमाप्रमाणे चेंडू जमिनीवर ठेवला, टाचेनं मागे आपल्या माणसाकडे लोटला. पुन्हा. चेंडू हातात. पुन्हा. चेंडू हातात. नंतर एल्डनच म्हणाला, "बस कर, मला उद्या खेळायचंय."

गोरेटीनं फोनवरची चित्रं पुढेमागे केली. "पहिल्या वेळेलासुद्धा हात जागेवर आहे," ती वारोला म्हणाली. "तिकडे नक्की काय केलं त्याला?"

"मला विचारू नकोस," वारो म्हणाला. "मी किनाऱ्यावरचा."

संघ वाचला गेला. ओबेदचं नाव शेवटच्या राखीव खेळाडूंत होतं.

"राखीव?" ओबेद म्हणाला.

"का, कमी वाटलं?"

"नाही. पण फार वेळ बसवू नका, कोच. मी बसलेला असलो की मला थंडी वाजते."

रविवारी वारोनं त्याला मध्यंतरानंतर बराच वेळ बसवलं. संघ मागे होता. पायऱ्यांवर, झाडांवर, कंटेनरच्या टपांवर माणसं लोंबकळत होती. ओबेदला आत जायची खूण मिळाली आणि तो रेषेच्या आत धावत गेला, तेव्हा टाळ्या थोड्या आणि टोमणे पुष्कळ आले. समोरच्या संघालाही सगळी बातमी होती. त्यांचा केस रंगवलेला आडदांड गडी ओबेदकडे बोट दाखवून आपल्या माणसांना म्हणाला, "डावी बाजू! ह्याची डावी बाजू मोडकी आहे!"

पहिलाच पास ओबेदकडे आला. तो घेताना त्यानं पाहिलं, दोघं डावीकडून येतायत, आणि दोघांचाही सगळा भार पुढच्या पायावर आहे. इतक्या ओढीनं निघालेला माणूस वळू शकत नाही. बगल देता आली असती. त्यानं दिली नाही. पहिली धडक त्याला हवी होती.

ती खांद्यापासून कमरेपर्यंत बसली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. तो खाली गेला, वर दोघं, त्यांच्यावर तिसरा. डाव्या हाताखाली चेंडू दगडासारखा स्थिर होता.

"सोड ना रे," वरचा रंगीत केसांचा गडी त्याच्या कानाशी म्हणाला.

"आधी तू ऊठ," ओबेद म्हणाला. "मला काम आहे."

पंचानं त्यांना बाजूला केलं. ओबेद उठला, चेंडू टाचेनं मागे लोटला, आणि तो मागे कोणाच्या हातात गेला हेही न बघता डावीकडे सरकला. तिघं अजून जमिनीवरून उठत होते. त्यांनी सोडलेली जागा मोकळी होती, दोन माणसं जातील एवढी. अजून कोणाला ती दिसली नव्हती. त्यानं डावा हात वर करून चेंडू मागितला.